चाळलेली माती

घाबरायचंच असेल तर माणसाने भर दुपारी घाबरावं, असं झुरळमामा म्हणायचा. रात्री काय, मांजराच्या सावलीलाही कोणी घाबरतं. ही गोष्टही दुपारचीच आहे, निदान बरीचशी.

झुरळमामा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. पाठीवर पिवळी टाकी बांधून घरोघरी औषध फवारणारा पन्नाशीचा एकटा माणूस; गल्लीतल्या पोरांनी नाव पाडलं आणि ते चिकटलं. धंद्यात मात्र त्याचा शब्द चालायचा. पंप हातात घेण्याआधी तो अर्धा तास नुसता घर बघत फिरायचा. वाळवीने वर आणलेली माती कुठली, मुंग्यांनी उकरलेली कुठली, उंदीर घरातच राहतो की फक्त जेवायला येतो, हे तो ओणवा होऊन सांगायचा. ज्या किड्याचा उपद्रव नाही त्याला मारायचा नाही. "उगाच कोणाचे तळतळाट कशाला घ्या?" म्हणायचा, आणि लोक हसायचे.

सुट्टीत त्याची थोरली बहीण चार दिवसांसाठी आली. लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी बाई ती. दिसेल ते मोजायची आणि खडूने खूण करायची तिला सवय. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. बाबा बुकबाइंडर होते. त्यांची खोली आवरायची, हत्यारांची पेटी न्यायची, एवढंच काम होतं. झुरळमामाने ते आठ महिने पुढे ढकललं होतं. कधी पाऊस, कधी कामाची गर्दी, कधी पाठ धरलेली. पण ताई दारात उभी राहिल्यावर पाठ धरून चालत नाही.

"किल्ली दे," ती म्हणाली.

बाबांची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. तिचं दार पडवीत उघडायचं. पडवीचं छप्पर खोल, त्यामुळे पावसाचा थेंब कधी आत यायचा नाही. दुपारचे तीन वाजले होते. पडवीत ऊन नव्हतं, वारा नव्हता, आणि कोरड्या मातीचा तो वास होता, जो नाकात शिरला की घसा आपोआप कोरडा होतो.

ताई पायरीवरच थांबली. "अरे, हे काय रे?"

दारापासून पडवीच्या टोकापर्यंत चार बोटं जाडीची बारीक माती पसरली होती, पिठासारखी. तिच्यात खड्डे होते. गोल, नीट उतरते, तळाशी निमुळते. वाटीएवढे.

झुरळमामा आठ महिन्यांत इकडे फिरकला नव्हता. त्याने खड्डे पाहिले आणि त्याला आधी बरंच वाटलं, कारण ओळखीचं काहीतरी निघालं होतं.

"घाबरू नकोस. किडा आहे. पुस्तकात मुंगीसिंह म्हणतात. कोरडी, बारीक माती आणि डोक्यावर छप्पर, एवढं मिळालं की झालं. मागे मागे सरकत गोल फिरतो, डोक्याने माती उडवत जातो, की असा खड्डा तयार. मग तळाशी मातीत दडून बसायचं, फक्त जबडा बाहेर. मुंगी काठावर आली की माती घसरते आणि ती खाली. वर चढायला लागली तर हा खालून मातीचा मारा करतो. पकडली की आतला रस शोषायचा आणि साल बाहेर फेकून द्यायचं."

"ई!"

"आपल्याला काही करत नाही. चावत नाही, घर पोखरत नाही. पुढे मातीचा गोळा करून त्यात झोपतो, आणि बाहेर येतो तेव्हा लांब पंख असतात. चतुरासारखा दिसतो. संध्याकाळी दिव्यावर येतो ना लडखडत, तो. हा त्याचाच बाप, किंवा पोरगा म्हण."

ताई हसली. तिने चप्पल काढून पायरीवर ठेवली, वाकून मोजलं आणि भिंतीवर खडूने आकडा लिहिला. सात. मग तिने चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली.

"पण इतकी बारीक माती इथे आली कुठून? कोणीतरी चाळून टाकल्यासारखी आहे."

"वाऱ्याने आली असेल," झुरळमामा म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

माती त्यानेच चाळली होती. घरातल्या पिठाच्या चाळणीने.

उंदीर कुठून कुठे जातो हे कळत नसेल तर त्याच्या धंद्यातली माणसं भिंतीकडेने बारीक भुकटी पसरतात. सकाळी तिच्यावर पावलं उमटलेली असतात, शेपटीची रेघसुद्धा. बाबांचं डोकं शेवटी जागेवर राहिलं नव्हतं. उठून चालायला लागायचे, एकदा नाल्यापर्यंत गेले होते. झुरळमामाला तर दिवसभर कामावर जावं लागायचं. कोणाला ठेवायचं, तर बाबा परक्या माणसाला शिव्या द्यायचे. मग त्याने दाराला बाहेरून कडी घालायला सुरुवात केली. कडी सैल होती, आतून हलवली की कधी कधी पडायची. म्हणून मग माती. रोज सकाळी ती सारखी करून जायचं आणि संध्याकाळी बॅटरीने बघायचं. पाऊल नाही, म्हणजे बाबा आत. बाबा आत, म्हणजे सगळं ठीक. कोणाला सांगायची गोष्ट नव्हती ही. आपल्या बापावर त्याने उंदराची भुकटी टाकली होती.

खड्ड्यांवर पाय न देता भिंतीकडेने जाऊन त्यांनी खोली उघडली. ताईने खिडकी लोटली, पलंगाच्या काठावर बसली आणि थोडी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "एक बरं झालं बघ. तू होतास. मी सगळ्यांना तेच सांगते. शेवटी बाबांचा हात माझ्या भावाच्या हातात होता म्हणून."

झुरळमामाने मान हलवली.

चहा त्यांनी पडवीतच घेतला. त्याने खुर्ची पायरीजवळ, मातीच्या कडेला ठेवली होती. आत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. ताई म्हणाली, "सांग ना पुन्हा. फोनवर सांगितलंस तेव्हा मी नीट ऐकलंच नव्हतं."

आणि त्याने सांगितलं. मी उशाशी बसलो होतो. पहाट व्हायची होती. त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले. हात माझ्या हातात होता. मग डोळे मिटले. सांगताना त्याने पाण्याच्या तांब्याचंही वर्णन केलं. खोटं बोलायला लागलं की माणसाला तांबे-भांडीसुद्धा स्पष्ट दिसायला लागतात.

कपबशा उचलताना ताई म्हणाली, "सात होते ना रे? आठ झाले की!"

"मोजायला चुकली असशील."

"मी?" ताई म्हणाली. ज्या बाईने तीस वर्षं सहलीला गेलेली पोरं मोजून परत आणली, ती चुकेल कशी? तिने भिंतीवरचा सात खोडून आठ लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची शिंपीणबाई भेटायला आली. गप्पा अर्थातच बाबांवर आल्या. "तुमचं नशीब हो," शिंपीणबाई झुरळमामाला म्हणाली, "शेवटचं पाणी पाजायला मिळालं. आमच्या यांना तर दवाखान्यात..." ताईने भावाच्या पाठीवर हात ठेवला. "सांग रे यांना." एवढा अभिमान होता त्या हातात की त्याला तो झटकूनही टाकता येईना.

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी बाबा त्याच्याकडे बघून थोडं हसल्याचंही सांगितलं. शिंपीणबाईने पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात त्याच्या पायापासून हातभर अंतरावर माती खचली. आधी नाण्याएवढी, मग वाटीएवढी. गोल गोल, हळूहळू, आतल्या आत उतरत गेली. आवाज येत होता. नखाने लाकूड खरवडावं तसा, अगदी बारीक. बायकांचं लक्ष नव्हतं. झुरळमामा खुर्चीचे हात धरून बघत राहिला, आणि मग त्याला दिसलं ते त्याने कालच पाहायला हवं होतं. किड्याच्या नादात खड्ड्यांच्या ओळीकडे त्याने बघितलंच नव्हतं.

खड्डे विखुरलेले नव्हते. बाबांच्या उंबऱ्यापासून निघाले होते. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे. वीत-वीतभर अंतर, म्हाताऱ्या माणसाच्या पावलांचं. डावीकडच्या प्रत्येक खड्ड्यामागे मातीत एक लांब ओरखडा होता. मुंगीसिंह मागे सरकतो तेव्हा अशीच वळणाची रेघ पडते, हे त्याने स्वतःला दोनदा बजावलं. पण या रेघा सरळ होत्या. बाबा डावा पाय ओढत चालायचे.

ती ओळ त्याच्या खुर्चीकडे येत होती.

त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. घाबरला तर होताच, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. भीती वाटली तर माणूस कोणाला तरी हाक मारतो. त्याला हाक मारायला जागाच नव्हती, कारण हाक मारली की का घाबरलास तेही सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी ताई पेटी बांधायला सुतळी आणायला गेली आणि झुरळमामा चाळणी घेऊन पडवीत उतरला. तीच चाळणी. आपला धंदा आपल्याला येतो, म्हणाला. किडा असेल तर किडा सापडेल. आधी त्याने बागेतून एक मुंगळा पकडून आणला आणि एका खड्ड्यात सोडला. मुंगळा तळाशी गेला, थोडा घुटमळला आणि आरामात वर चढून निघून गेला. खालून काही हललं नाही. दुसऱ्या खड्ड्यातही तेच. मग त्याच्या लक्षात आलं की पडवीत मुंगी अशी नाहीच. बाबा होते तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने इथे औषध मारलं होतं. मग हे जे काही आहे ते आठ महिने कशावर जगतंय?

त्याने एकेक खड्डा खालपर्यंत उकरला आणि चाळला. मुंगीसिंह असता तर चाळणीत राहिला असता. करड्या रंगाचा, बुटका, पोट फुगलेला किडा. नऊच्या नऊ खड्डे चाळले. किडा नाही, साल नाही, गोळा नाही. चाळणीच्या जाळीवर काहीच उरलं नाही. त्याने माती सपाट केली, अगदी पूर्वी करायचा तशी, फळीने, आणि पायरीवर येऊन घाम पुसला.

मागे तो आवाज आला. खर्र... खर्र... थांबून पुन्हा.

वळून बघायच्या आधीच त्याला माहीत होतं. नऊही खड्डे जागच्या जागी होते. त्याने काडी घेऊन शेवटच्या खड्ड्याच्या काठाला लावली. खालून माती उडाली. एकदा, दोनदा, जोरात, त्याच्या तोंडावर. आत काही नव्हतं हे त्याने आत्ताच पाहिलं होतं.

संध्याकाळ झाली. ताईने पडवीतला दिवा लावला आणि पेटी ओढत बाहेर आणली. दिव्याभोवती चार किडे जमले. ती भावाकडे बघून म्हणाली, "तोंड का असं उतरलंय? मी उद्या जाणार म्हणून?"

"ताई, बस."

ती पेटीवरच बसली.

"माती वाऱ्याने आलेली नाही. मी टाकली होती. बाबा बाहेर गेले तर कळावं म्हणून. उंदरांसाठी टाकतो तशी."

ताईने खाली मातीकडे पाहिलं.

"कडी लावून जायचो. रोज. त्या दिवशी मोठ्या गोदामाचं काम होतं. सकाळी सातला गेलो, रात्री आठला आलो. बॅटरी मारून माती बघितली. एक पाऊल नव्हतं. म्हटलं, आहेत आत. झोपले असतील." त्याने बाबांच्या दाराकडे पाहिलं. "मी दार उघडलं नाही, ताई. फार दमलो होतो. उघडलं असतं तर ते उठले असते, मग भरवा, मग कपडे बदला... मी जेवलो आणि झोपलो."

"अरे..."

"ऐकून घे. रात्री मला आवाज आला. खरवडल्यासारखा. मी जागा होतो. म्हटलं, उंदीर असेल. सकाळी मातीत पावलं दिसतील, तेव्हा बघू." तो आता रडत होता, आणि रडण्याचीही त्याला लाज वाटत होती. "सकाळी दार उघडलं. ते पलंगाखाली पडले होते. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी दुपारीच पडले असणार. जीव गेला तो पहाटे. मी नव्हतो उशाशी. पाणी मी पाजलं नाही. हात धरला नाही. हे मी सगळं बनवून सांगितलं. पहिल्यांदा शिंपीणबाईला सांगितलं, मग तुला, मग ते सुटेना."

दिव्यावरचा एक किडा लडखडत मातीत पडला. झुरळमामा ताईच्या रागाची वाट बघत होता. राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने उठून त्याच्या मुस्काटात मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

पण ताई त्याच्याकडे, आजारी मुलाकडे बघावं तशी बघत होती.

"वेडा झालायस का तू?" ती हळूच म्हणाली. "एकटा राहून राहून काहीतरी डोक्यात घेतलंस. तू होतास तिथे."

"नव्हतो, ताई."

"अरे, मला बाबांनीच सांगितलं ना!"

झुरळमामाने वर पाहिलं.

"त्या रात्री मी तुला फोन केला होता. दहा वाजले असतील. बाबांनी उचलला. मलाच आश्चर्य वाटलं. किती स्वच्छ बोलत होते! वर्षभरात असे बोलले नव्हते. माझं नाव घेतलं, जावयांची चौकशी केली. म्हटलं, बाबा, हा कुठाय? तर म्हणाले, हा काय, माझ्या उशाशी बसलाय, हात धरून. मी म्हटलं, द्या त्याच्याकडे. तर म्हणाले, नको, तो बोलत नाहीये."

"तू मला कधी सांगितलं नाहीस..."

"तुला काय सांगायचं? तू तिथेच बसला होतास ना!"

त्याचा फोन त्या रात्री स्वयंपाकघरात, ओट्यावर, चार्जिंगला लावलेला होता. मध्ये दोन भिंती होत्या आणि बाहेरून घातलेली कडी होती. बाबांच्या खोलीत फोन नव्हताच. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. कारण त्याच क्षणी त्याला कळलं की आता गप्प बसलं तर चालेल. बापाने त्याची बाजू राखली होती. ताई तेच घेऊन उद्या गाडीत बसली असती, आणि जन्मभर लोकांना सांगत राहिली असती. मोह झाला त्याला. त्या मोहाची लाज त्याला बाकी सगळ्या लाजेपेक्षा जड गेली.

"मी नव्हतो, ताई," तो म्हणाला. "तुझ्या गळ्याची शपथ. मी नव्हतो."

ताईचा चेहरा हळूहळू बदलला. तिने पाय पायरीवरून वर, पेटीवर घेतले.

"मग..." ती म्हणाली. "मग फोन ठेवताना ते म्हणाले, याला जरा सांग गं हात धुऊन यायला. सगळा कोरडा, मातीने भरलेला आहे. मी हसले. म्हटलं, तुम्हीच सांगा की, तुमचाच मुलगा आहे. तर म्हणाले... म्हणाले, सांगतोय केव्हाचा. पण सोडत नाही."

झुरळमामाने आपल्या हातांकडे पाहिलं नाही. तो बाबांचा हात आठवत होता. त्या सकाळी, डॉक्टर येण्याच्या आधी, त्याने बाबांचा उजवा हात ओल्या फडक्याने पुसला होता, कारण मनगटापर्यंत त्याला बारीक माती लागली होती आणि कोणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखे तिच्यात पाच बोटांचे ठसे उठले होते. घाईत त्याला वाटलं होतं, दाराच्या फटीतून हात बाहेर काढला असेल. पण दार उघडताना बाहेरची माती त्याने नेहमीसारखी आधी बॅटरीने पाहिली होती, आणि ती उंबऱ्यापासून पडवीच्या टोकापर्यंत त्याने केली होती तशीच सपाट होती.